कमलाक्षीची कॅसेट

आमच्या घरात गाण्याविषयीचे शेवटचे मत माझे असते. याला कुणी प्रौढी म्हणावी, कुणी जुलूम म्हणावा. पाळी गावात आमच्या दारावरून जाणाऱ्यांनी दोन्ही म्हटलेले आहे. मी त्यास व्यवस्था म्हणते. स्वयंपाकाचे मत माझ्या सुनेचे, सुमंगलेचे. व्यवहाराचे माझ्या मुलाचे, गुरुदासाचे. आणि सुराचे माझे.

माझे माहेर पेडण्यातले इब्रामपूर. तिथे विठूबुवा म्हणून एक भजनी बुवा होते. त्यांच्याकडे मुलींत मी एकटीच पेटी आणि गाणे शिकले. लग्न होऊन डिचोलीकडे पाळीला आले तेव्हा पेटी माझ्याबरोबर आली, कारण ती आली नाही तर मीही जाणार नाही असे मी वडिलांना सांगून ठेवले होते. गोवा मुक्त झाल्यानंतरच्या गणेशचवथीला यजमानांनी म्हापशाहून चावीचा ग्रामोफोन आणला. पुढे गावात वीज आली तसा विजेवरचा रेकॉर्ड प्लेअर आला, आणि यजमानांच्या माघारी गुरुदासाने कॅसेटचा टेप आणला.

या यंत्रांवर जे जे वाजले त्याविषयी मी मत दिलेले आहे, आणि दिलेले मत सहसा बदललेले नाही. लता मंगेशकर पहिल्या. त्याविषयी मी चर्चा ऐकूनच घेत नाही. सूर लागणे म्हणजे काय हे ज्याला पाहायचे असेल त्याने त्यांची मुक्तीच्या सुमाराची कोणतीही तबकडी लावावी आणि गप्प बसावे. यजमान मोहम्मद रफींचे. "त्यांच्या आवाजात माणूस आहे," असे ते म्हणत. मी म्हणे, "आहे, पण तो फार लवकर गहिवरतो." या एका विषयावर आमचे आयुष्यभर पटले नाही. आता ते नाहीत, तर त्यांच्या आवडीची तबकडी मीच लावते; मत मात्र तेच आहे. किशोरकुमारांना मी कित्येक वर्षे गायकच मानले नव्हते. हा मनुष्य गाणे सोडून खेळतो आहे असे वाटे. मग एके दिवशी ध्यानात आले, की एवढे खेळूनही त्याचा पाय एकदासुद्धा सुराबाहेर पडत नाही. त्या दिवसापासून मानते. आशा भोसले धीट, आणि धीटपणा बाईला शोभतो असे उघड म्हणणारी आमच्या पिढीत मी एकटीच असेन. गझलांच्या कॅसेटी निघाल्या तेव्हा जगजीत आणि चित्रा सिंग घरोघरी वाजू लागले. गोड खरे, पण एका बैठकीला एकच बाजू ऐकावी. दोन्ही ऐकल्या तर खिरीवर शिरा खाल्ल्यासारखे होते.

रेडिओवर लोर्नाचे कोकणी गाणे लागले की माझी धाकटी जाऊ जानकी उठून जनेल, म्हणजे खिडकी, लावून घेई. ही नाचाची गाणी, शेजारी काय म्हणतील, असे तिचे म्हणणे. "त्या ट्रंपेटाच्या वर आपला आवाज काढून दाखव, मग खुशाल जनेल लाव," असे मी तिला सांगितले, आणि ते उघडायला लावले. माझा भाचा सगुण कुवेतहून स्वीडनच्या ॲबा मंडळींची कॅसेट घेऊन आला, तेव्हा तर जानकीने कपाळाला हात लावला. त्यांचा एक शब्द मला कळत नाही. परंतु त्यातल्या दोघी बायका एकाच वेळी एकच सूर धरतात आणि एकीलाही दुसरीच्या पुढे जाण्याची घाई नसते. आमच्या घरातल्या दोन जावांना हे साधलेले नाही.

पुढे रहमान आले, आणि आता नातवंडे मोबाईलवर जे ऐकतात त्याविषयीही मला मत आहे. पण गोवा राज्य झाले त्याच्या पुढच्या वर्षी, वैशाखात, हेच माझे मत माझ्या घशात अडकले होते. ते का अडकले आणि कसे सुटले, ते सांगते.

आमचे घर रस्त्याला लागून. खाणीवरचे ट्रक सकाळपासून खनिज भरून नदीवरच्या धक्क्याकडे जात, रिकामे परत येत, आणि त्या गडगडाटात बोललेलेही ऐकू येत नसे. म्हणून घरात माझा नियम होता, की दिवसा गाणे लावायचे नाही. तिन्हीसांजेला ट्रक थांबत. देवापाशी दिवा लागला, मुलांचे श्लोक झाले, की मग टेप किंवा तबकडी. त्या वर्षी फाल्गुनात माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि मी महिनाभर पणजीला मुलीकडे राहिले. परत आले तो नदीपलीकडे खनिज धुण्याचा नवा प्लांट सुरू झालेला होता. संध्याकाळी त्याचा भोंगा वाजे, आणि थोड्या वेळात गावातले दिवे पिवळे पडत. सुमंगला चुलीपाशी रॉकेलची चिमणी लावून ठेवू लागली. लोक थोडे कुरकुरले आणि त्यांना सवय झाली.

मी आले त्याच आठवड्यात गुरुदासाने माझ्यासमोर एक कॅसेट ठेवली. त्याची मुलगी कमलाक्षी कॉलेजसाठी म्हापशाला मावशीकडे राहत होती आणि तिथे अनंतमास्तरांकडे गाणे शिकत होती. मास्तरांनी स्वतः चाली दिलेली आठ भावगीते तिच्याकडून पणजीच्या स्टुडिओत गाऊन घेतली होती. कॅसेटवर तिचा फोटो होता. त्यात ती उगाच गंभीर झाली होती.

"आई, मास्तर म्हणतात हिला पुण्याला धाडा, दोन-तीन वर्षे नीट तालीम होऊ दे," गुरुदास म्हणाला. "आणि इकडे कुडाळचे परब मुलगी मागताहेत. स्थळ बरे आहे. देवीची जत्रा झाली की ते उत्तर घ्यायला येतील. मला गाण्यातले कळत नाही गे. तू ऐक. तू बरी म्हटलीस तर पुणे, नाहीतर परबांना होकार."

"तिला काय हवे?"

"तिला पुणे हवे. पण ती म्हणते, आजीने नाही म्हटले तर मी हट्ट धरणार नाही."

त्याच संध्याकाळी मी कॅसेट लावली. सगळे घर भोवती बसले होते. पहिले गाणे सुरू झाले आणि मी कान टवकारले. कमलाक्षीचा आवाज मला तळहातासारखा ठाऊक. ती माझ्याच पेटीवर, काळी चारच्या पट्टीत, उभे राहूनही पायपेटीएवढी नव्हती तेव्हापासून गाते आहे. आणि ह्या कॅसेटमधली मुलगी जड, बसलेल्या आवाजात, पाय ओढत गात होती. लांब सूर धरला की तो मधेच थरथरे. पट्टी बघावी म्हणून मी पेटी ओढली, तर आवाज काळी चार आणि पांढरी पाच यांच्या मधल्या भेगेत, जिथे पेटीला पट्टीच नसते तिथे, जाऊन बसला होता.

"कशी गे?" गुरुदासाने विचारले.

"अजून एकदा ऐकू दे."

घरात सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. मला दुसऱ्यांदा ऐकावे लागले असे त्या घरात आजवर घडले नव्हते.

मी दुसऱ्या दिवशी ऐकली, तिसऱ्या दिवशी ऐकली. गझलांच्या नादाने पोरीने आवाज मुद्दाम जड केला, असे माझे मत होऊ लागले होते, आणि ते सांगण्याची मी मनाशी तयारी करत होते. तेवढ्यात एका संध्याकाळी, कानाला जरा विसावा म्हणून, मी लताबाईंची एक जुनी तबकडी लावली. त्याही जड आवाजात गात होत्या.

मी उठून रफी लावले. ते गहिवरण्याऐवजी पेंगत होते. ॲबाची कॅसेट लावली, तर त्या दोघी बायका दोन पुरुषांसारख्या गाऊ लागल्या. जानकी शेजारच्या बाकावर बसून मान डोलवत होती.

"कसे वाटते गो?" मी शक्य तितक्या सहज स्वरात विचारले.

"झक्क!" ती म्हणाली. "तुझ्या या गोऱ्यांचे आज पहिल्यांदा मला बरे वाटले, वैनी. किंचाळत नाहीत. शहाणी झाली बिचारी."

"आणि लताबाई?"

"लताबाईंना काय झालेय? त्या आहेत तशा आहेत!"

जानकीला कोणताच फरक वाटत नव्हता. लताबाईंचा आवाज तबकडीवर कोरलेला. तो एका महिन्यात उतरणार नाही. मग उतरले होते ते एकच असू शकत होते, आणि ते माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना होते.

मनात एक आशा होती, की दोष पेटीचा असेल. डिचोलीहून धाकूला बोलावून घेतले. त्याचा बाप माझ्या पेटीचे सूर लावीत असे, आता तो लावतो. त्याने सगळ्या पट्ट्या तपासल्या.

"काकी, एकही सूर हललेला नाही. पेटी ठणठणीत आहे. तुम्हांला कुठे खटकले?"

"कुठे नाही. सहज दाखवली," मी म्हटले, आणि त्याला चहा द्यायला सांगितले.

पेटी मला अजून बरोबर ऐकू येत होती हे खरे. पण त्याचा अर्थ मी असा लावला, की पेटीवर बोट पडताच सूर कानाच्या आधी मनात वाजतो. ती सवय आहे, ऐकणे नव्हे. हे मी विठूबुवांच्या बाबतीत पाहिलेले होते. म्हातारपणी त्यांचा कान गेला. ते वरचा षड्ज म्हणून भलताच सूर लावीत, आणि देवळात बसलेले सगळे गाव मान डोलवी, कारण बुवांना कोण सांगणार? पाठ फिरली की पोरे त्यांची नक्कल करीत. मी तेव्हा लग्नाची होते. देवळाच्या पायरीवर ती नक्कल मी पाहिली होती आणि त्या रात्री जेवले नव्हते. आता जानकीची डोलणारी मान मला डोळ्यांसमोर दिसू लागली.

मी टेपावर कापड टाकले आणि गाणे बंद केले. माझा कान गेला असेल तर कमलाक्षीचा आवाज चांगला की वाईट हे मी कशाच्या जोरावर सांगणार? बरी म्हटले आणि ती पुण्यात जाऊन हसे करून आली तर? वाईट म्हटले आणि ती लताबाईंइतकीच निर्दोष असली तर? पहिल्यात तिची तीन वर्षे जात होती, दुसऱ्यात सबंध आयुष्य. आणि "मला कळत नाही" हे तीन शब्द मी त्या घरात कधी उच्चारले नव्हते. ते मला येतच नव्हते म्हणा.

जत्रा दोन दिवसांवर आली तेव्हा सुमंगला माझ्या खोलीत आली. हातात तांदळाचे सूप होते, पण ती निवडत नव्हती.

"आई, पोरीचे गाणे वाईट आहे का?"

"मी तसे म्हटले का?"

"तुम्ही काहीच म्हणत नाही, तेच तर. तुम्ही एकदा वाईट म्हटले की मी मानीन. रडणार नाही. तुमचा शब्द या घरात कधी खोटा पडलेला मी पाहिलेला नाही. पण ती तिकडे रोज दुकानात जाऊन फोन करते, आजी काय म्हणाली विचारते, आणि मी रोज सांगते, आजीचे डोळे दुखतात."

"डोळे बरे आहेत माझे."

"मला ठाऊक आहे."

ती सूप घेऊन निघून गेली. मी त्याच वेळी निश्चय केला, की जत्रा होताच गुरुदासाला बसवून सांगायचे: माझ्या कानावर विसंबू नकोस, दुसऱ्या कुणाला विचार. हे वाक्य मी मनात इतक्या वेळा घोटले, की शेवटी ते दुसऱ्या कुणाचे असावे तसे वाटू लागले.

शिरगावच्या लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला भरते. आमच्या भागातले निम्मे पुरुष तिचे धोंड, म्हणजे व्रत धरून, उपास करून निखाऱ्यांतून चालणारे भक्त. ट्रकवाले त्यांतच आले, खाणीवरचे आले, सिंधुदुर्गातून कामाला आलेलेही आले. त्या दिवशी ट्रक हलत नाही. घरातले सगळे दुपारीच शिरगावला निघाले. कमलाक्षी म्हापशाहून परस्पर तिकडे येणार होती. मला डॉक्टरांनी धूर आणि राख यांपासून दूर राहायला सांगितले होते, म्हणून मी मागे राहिले.

"एकटी राहशील ना, वैनी?" जानकीने दारात विचारले.

"तुझ्याबरोबर राहिले तेवढ्या वर्षांनंतर एकटी राहणे ही विश्रांती आहे," मी म्हटले.

ती गेली आणि घर शांत झाले. असली शांतता पाळीत दिवसा मी क्वचितच अनुभवली होती. ट्रक नव्हते, रस्त्यावर धूळ नव्हती. अंगणातल्या जास्वंदीवर पक्षी चोच मारत होता त्याचाही आवाज येत होता. मी जरा पडले, पण डोळा लागेना. उद्या परवा मला माझे मत दुसऱ्याच्या हाती द्यायचे होते. देण्यापूर्वी पोरीचे गाणे आपण एकदा शेवटचे ऐकावे, असे वाटले. दिवसा गाणे लावायचे नाही हा नियम खरा. पण तो ट्रकांमुळे होता, आणि ट्रक तर नव्हते. मी कापड काढले आणि कळ दाबली.

कमलाक्षी गाऊ लागली.

ती हलकी, मोकळी, सरळ गाऊ लागली. पहिल्या ओळीच्या शेवटी तिने जो सूर धरला तो दोरीवर वाळत घातलेल्या साडीसारखा ताठ राहिला, कुठे थरथरला नाही. मी पेटी ओढली. काळी चार. भेग नाही, फट नाही. पट्टीवर पट्टी बसली. मी गाणे थांबवून पुन्हा लावले. तरीही काळी चार. मग लताबाई लावल्या. त्या आपल्या जागी होत्या. रफी लावले, आणि ते असे वेळेवर गहिवरले, की यजमान असते तर त्यांनी माझ्याकडे विजयाने पाहिले असते. ॲबाच्या दोघी पुन्हा बायका झाल्या होत्या. मी खुर्चीवर, आमच्या भाषेत कदेलीवर, बसून राहिले. मी देवापुढे जाऊन साखर ठेवली. दुसरे काही सुचले नाही.

पण आनंदात माणसाने विचार सोडू नये. माझा कान एका दिवसापुरता परत आला, असे तर नव्हे? मी ऐकत राहिले. तिन्हीसांज झाली, दिवा लावला, श्लोक म्हटले, पुन्हा टेप लावला. सूर जागच्या जागी. म्हणजे वेळेचाही दोष नव्हता. मग रोजच्या संध्याकाळी जे होते आणि आज नव्हते ते काय? मी स्वयंपाकघरात गेले. सुमंगलेची चिमणी कोनाड्यात विझलेली होती, आणि मला ती लावावीशी वाटली नव्हती, कारण वरचा बल्ब लख्ख जळत होता. आज भोंगाच झाला नव्हता. प्लांट बंद होता. प्लांटवरचे सगळे निखाऱ्यांतून चालायला गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळी परत आली, डोळे लाल झालेली, अंगाला धुराचा वास. कमलाक्षी त्यांच्याबरोबर होती. तिने मला वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे पाहण्याचे टाळून आत गेली. मी सगळ्यांना झोपू दिले. संध्याकाळ होण्यापूर्वी मात्र हाका मारून उठवले आणि बाहेरच्या खोलीत बसवले. रस्त्यावर ट्रक पुन्हा गडगडू लागले होते. मी बल्ब लावला आणि टेप सुरू केला.

"आई, ट्रक चाललेत!" गुरुदास ओरडला. त्याला ओरडावेच लागले.

"मला दिसताहेत."

"तू जत्रेला आली नाहीस," जानकी म्हणाली, "म्हणून देवीच इकडे तुझ्या अंगात आली की काय, वैनी?"

"तोंड मिटून बल्बाकडे बघ."

गाणी वाजत राहिली. ट्रक एकेक करून कमी झाले. चौथे गाणे सुरू झाले, आणि नदीपलीकडे भोंगा वाजला. क्षणभर काही झाले नाही. मग बल्ब पिवळा झाला, पिकल्या लिंबासारखा दिसू लागला, आणि त्याच्याबरोबर, अगदी त्याच्याबरोबर, कमलाक्षीचा आवाज खाली सरकला, जड झाला, पाय ओढू लागला.

"आजी, बंद कर! बंद कर तो!" कमलाक्षी उठून उभी राहिली. "ही मी नव्हे! मी अशी गाते? इतके दिवस तू हे ऐकत होतीस?"

आणि मी हसू लागले. फाल्गुनापासून मी हसले नव्हते, त्याची सगळी बाकी त्या वेळी निघाली. डोळ्यांतून पाणी आले. डॉक्टरांनी त्यालाही मनाई केलेली होती.

"वीज कमी पडली की यंत्र हळू फिरते," मी गुरुदासाला सांगितले. "यंत्र हळू फिरले की लता मंगेशकरसुद्धा उतरतात. मी रोज नेमकी भोंगा झाल्यावरच ऐकायला बसत होते."

"मला तर बाई आत्ताही काही फरक वाटला नाही," जानकी म्हणाली.

"तुला वाटणार नाही, ही गोष्ट मी तुझ्या लग्नानंतर आठवड्याभरात ओळखली होती. तरी तुझी मान बघून मी घाबरले. चूक माझीच."

"माझी मान? माझ्या मानेने काय केले?"

"ते असू दे. गुरुदास, आता ऐक."

सुमंगला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. कमलाक्षी उभीच होती, कॅसेटवरच्या फोटोपेक्षाही गंभीर.

"कमलाक्षी, दुसऱ्या गाण्यात तुला घाई झाली आहे. तबला आपल्या लयीत आणि तू त्याच्या पुढे. पाचवे गाणे या कॅसेटवर घ्यायलाच नको होते. ते तुझ्या वयाचे नाही, अजून वीस वर्षांनी गा. सहाव्यात तू लताबाईंची नक्कल केली आहेस."

"नक्कल नाही, आजी..."

"केली आहेस. चांगली केली आहेस. पण लताबाई आहेत, दुसऱ्या नकोत. सातवे गाणे मात्र ऐकताना मी तुला विसरले. गाणारी कुणाची कोण हे मनात आले नाही, फक्त गाणे होते. असे मी फार थोड्यांविषयी म्हटलेले आहे."

"म्हणजे बरी?" गुरुदासाने विचारले.

"बरी असे मी म्हटलेले नाही. पुण्याला पाठव असे म्हणते आहे."

सुमंगला, जी रडणार नव्हती, ती आत गेली आणि बराच वेळ भांड्यांचे आवाज करत राहिली. कमलाक्षीने माझे पाय धरले. मी तिला उठवले आणि सांगितले की पाय धरण्यापेक्षा श्वास धरायला शीक. तिसऱ्या गाण्यात तो दोनदा तुटला आहे. ती रडता रडता हसली.

परबांची मंडळी त्याच आठवड्यात कुडाळहून आली. मुलाचे आईवडील चांगले, साधे लोक होते. गुरुदास अडखळत बोलू लागला तेव्हा मी त्याला थांबवले आणि स्वतः सांगितले, की मुलीला तीन वर्षे शिकायचे आहे. तुम्हांला थांबवून ठेवणे आम्हांला योग्य वाटत नाही.

मुलाची आई समजुतीच्या सुरात म्हणाली, "काकी, आमच्याकडे गाण्याला कुणाची ना नाही हो. लग्न झाल्यावरही गाईल की. भजन आहे, हळदीकुंकू आहे."

"लग्नानंतर गाणे होते असे मी पाहिलेले नाही," मी म्हटले. "मी स्वतः इब्रामपूरला गात होते. या घरात आल्यापासून माझे गाणे कुणी ऐकले आहे का, या माझ्या जावेला विचारा."

जानकीने माझ्याकडे वळून पाहिले.

"वैनी, तू गायचीस?"

"पेटी काय दळण दळायला आणली होती मी?"

मुलाच्या वडिलांना हसू आवरेना, आणि मग सगळेच हसले. मुलाच्या आईनेही पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "असू दे, काकी. मुलीला शिकू दे." त्यांनी मनात काही ठेवले नाही. चहा झाला, पाववाल्या पोदेराकडचे गरम पाव झाले, आणि जाताना त्या माऊलीने कमलाक्षीची कॅसेट मागून घेतली.

"ऐका जरूर," मी दारापर्यंत जाऊन सांगितले. "फक्त दिवा लख्ख जळत असेल तेव्हा ऐका."